वरच्या मुक्कामाची पिशवी

ये वं बाई, इकडं जवळ सरक. दारापाशी अशी अर्ध्या बुडानं काय बसतेस, चप्पल घालून निघायचंच आहे जशी. मला लिहितानासुद्धा समोर कोणीतरी बसलेलं लागतं, त्याशिवाय माझं वाक्य पुढं सरकत नाही. शाळेत मी फार गेले नाही. कापडाच्या गठ्ठ्यांवरची नावं वाचत वाचत अक्षर ओळखायला लागले आणि बोलता बोलता लिहायला. तेव्हा तू मांडी घालून बस. आणि दर दोन वाक्यांना "मग काय झालं" विचारू नको. ही तुम्हा पोरींची वाईट खोड आहे. जे झालं ते सांगायलाच बसले आहे मी.

मी मुळातली संशयी बाई. दुर्गुण म्हणून नाही सांगत, धंद्याचा भाग म्हणून सांगते. वर्ध्यात आमचं कापडाचं दुकान. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला त्यांच्या हातची भाजी शिकवायच्या आधी धागा जाळायला शिकवलं. व्यापारी येतो, तागा उलगडतो, म्हणतो, "शंभर टक्के सुती आहे, वहिनी." आपण हसायचं, चहा ठेवायचा आणि काठातून एक धागा ओढून आत न्यायचा. विस्तवावर धरायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, फुंकर मारली की राख उडून जाते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. आणि ज्यात मिलावट आहे तो धागा आकसतो, वितळतो, टोकाला काळ्या मण्यासारखा थेंब धरतो. तो थेंब गार झाला की नखानं फुटत नाही. असे थेंब मी कितीतरी व्यापाऱ्यांना चहाच्या बशीत घालून परत पाठवले आहेत.

त्यात हा कापसाचा मुलुख. वावरात कापूस, जिनिंगात कापूस, गादीत कापूस, दिव्याच्या वातीत कापूस. उन्हाळ्यात आमच्याकडं अंगावर सुती सोडून दुसरं काही सहन होत नाही, पाठीवर घामोळ्यांचं पीक येतं. आमच्या तोंडी "सुती आहे" म्हणजे "चांगलं आहे". उलटं कोणी सांगितलं तर तो माणूस एक तर वेडा, नाही तर ठग.

नव्वदीची अखेर असेल. मुलाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सून सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. वर्ध्याला लागून पिपरीत आमचं घर, तिथून सकाळी दुचाकीनं जायची, संध्याकाळी यायची. कामाला चोख, बोलायला कमी. आली तेव्हापासून ती मला आवडायची आणि कळायची नाही. दोन्ही एकदम.

मार्चात एका रविवारी आमच्या तारेवर लोकरीचे मोजे वाळत घातलेले दिसले. मार्चात, वर्ध्यात. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"काय जी, तुमच्या सुनेले थंडी वाजून राह्यली काय?"

"टाचा फुटल्या तिच्या," मी म्हटलं. खोटं बोलले. घरातलं मलाच ठाऊक नव्हतं, ते तिला काय सांगू?

मग बूट आले. जड, घोट्याच्या वर येणारे, कोणाचे तरी जुने. सून पहाटे उठून ते बूट घालायची, पाठीवर एक मोठी बॅग घ्यायची आणि गच्चीच्या जिन्यानं वर-खाली, वर-खाली. मी अंथरुणात पडून पायऱ्या मोजायची. एक दिवस ती अंघोळीला गेली तेव्हा बॅग उघडून पाहिली. आत माझी तुरीची डाळ. डब्यातली नाही, वर्षाची भरून ठेवलेली, पोत्यासकट.

संध्याकाळी ती आल्या आल्या मी विचारलं, "माझी डाळ कुठी फिरवाले नेऊन राह्यली?"

ती जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, "वजनाची सवय करून राह्यले, आई. मे महिन्यात आम्ही दवाखान्यातल्या चौघीजणी हिमालयात जातो. पायी चालाचं आहे. शेवटी बर्फातली एक खिंड ओलांडाची आहे. तुम्हाले सांगणारच होते."

"कोणाले इचारलं?"

"ह्यांले सांगतलं. बाबांले पण."

म्हणजे मुलाला माहीत, आमच्या ह्यांना माहीत. डाळीला माहीत. मला सोडून.

हे बाजेवर बसून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "तुले सांगतलं असतं तर तू दोन महिने झोपली नसती. आता एकच महिना जागशीन."

सुनेनं मग मला एक गोष्ट सांगितली. बारावीत असताना कॉलेजातून अशीच एक टोळी जाणार होती, हिनं नाव दिलं होतं. वडिलांनी अर्ज फाडला. म्हणाले, लग्नानंतर जाय जिथं जायचं तिथं. "आता लग्न झालं न, आई," ती म्हणाली. "मले ती खिंड एकदा पार कराची आहे. मंग काही नाई." हे बोलताना तिचा आवाज इतका साधा होता की मला जास्तच संशय आला. इतक्या वर्षांची गोष्ट कोणी इतक्या साध्या आवाजात सांगतं का?

दुसऱ्या दिवसापासून तिची बॅग भरायला लागली आणि मी ती वाचायला लागले. सहलीवाल्यांनी सामानाचा एक मराठी कागद दिला होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. ती कामाला गेली की मी चष्मा लावून बसायची. एकेक ओळ वाचायची आणि त्या ओळीमागं काय दडलं आहे ते शोधायची.

बूट वापरलेले असावेत, नवे नकोत. का नकोत? कोणती सहल जुने बूट मागते? शिट्टी. चार चांगल्या घरच्या बायकांना शिट्टी कोणासाठी वाजवायची आहे? दागिने घालू नयेत, काचेच्या बांगड्या घालू नयेत. हे वाचून तर माझा हात तिथंच थांबला. बाईच्या अंगावरचं सगळं उतरवून तिला डोंगरावर बोलावणारी ही माणसं कोण? काळा चष्मा. तोंड झाकणारी माकडटोपी. म्हणजे ओळख पटायला नको. सुईदोरा, मेणबत्ती, काडेपेटी, प्रत्येक कपडा वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत.

ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तू पोलिसात पायजे होती."

"हसू नका. शिट्टी कायले लागते सांगा."

"धुक्यात हरवली तर वाजवाले."

मला हे सुचलं नव्हतं. पण संशय असा असतो की एका ओळीचं उत्तर मिळालं की तो पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. आणि पुढची ओळ मी आधी दोनदा वाचली, मग खिडकीपाशी नेऊन वाचली. लिहिलं होतं, सुती कपडे शक्यतो आणू नयेत. अंगालगतचे कपडे सुती अजिबात नकोत.

आता तूच सांग. कापडवाल्याच्या घरात, कापसाच्या जिल्ह्यात हा कागद आला होता. मला वाटलं, सापडला चोर. नक्की ह्या सहलीवाल्यांचं कुठं तरी नायलॉनचं दुकान असणार, पोरींना तिथूनच घ्यायला लावणार. सुनेनं नागपूरहून कपड्यांची पुडकी आणली होती, ती मी उघडली. अंगाला चिकटून बसणारे, पूर्ण बाह्यांचे दोन टी-शर्ट, तशाच दोन लांब विजारी. हलके, गुळगुळीत. शिवणीतून एक धागा ओढला आणि गॅसवर धरला. धागा आकसला, वितळला, काळा थेंब धरला.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. तेव्हा ह्यांच्याशिवाय घरात कोणाला माहीत नव्हतं, पण तुझ्यापासून लपवत नाही. माझी धाकटी बहीण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी स्टोव्हपाशी भाजली. अंगावर नायलॉनची साडी होती. लोकांनी घोंगडी टाकून विझवली तिला, पण साडी अंगावरून निघाली नाही. वितळून बसली होती. आठ दिवस होती ती. मी उशाशी होते. त्यानंतर माझ्या घरातल्या एकाही बाईच्या अंगाला मी तसलं कापड लागू दिलं नाही. ग्राहकाला विकलं, ते खोटं नाही बोलत. घरात नाही येऊ दिलं. सुनेलाही पहिल्या दिवशी म्हटलं होतं, सैपाकघरात सुतीच नेसजो. का, ते सांगितलं नव्हतं.

आणि ह्या कागदावर काय होतं? मेणबत्ती, काडेपेटी, कापडाचा तंबू, आणि अंगालगत वितळणारे कपडे. मी बशीत पडलेल्या त्या थेंबाकडं पाहत बराच वेळ उभी राहिले.

सुनेची भरायची पद्धत फार नेटकी. एकेक दिवसाचे कपडे गुंडाळी करून आमच्याच दुकानाच्या जाड, आतलं न दिसणाऱ्या पिशवीत घालायची, हवा दाबून काढायची, रबर लावायची, वर चिठ्ठी. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम. एका पिशवीवर तांबड्या शाईनं लिहिलं होतं, वरचा मुक्काम, तोवर उघडू नये. ते सगळ्यात वरच्या तंबूत घालायचे कोरडे कपडे. खिंड ओलांडायच्या दिवशीचे.

निघायच्या आदल्या दिवशी तिची ड्युटी होती. मी दुकानातून, हिवाळ्यात विकतो ते जाड सुती विणीचे, पूर्ण बाह्यांचे दोन आतले कपडे आणले. तसल्याच दोन विजारी. तिच्या मापाचे, शेल्फमधले सगळ्यात भारी. धागा जाळून पाहिला, राख उडाली. तांबड्या चिठ्ठीची पिशवी उघडली, तिचे कपडे काढले, माझे घातले. तिनं घातली होती तशीच गुंडाळी, तेवढीच हवा दाबली, तेच रबर. पिशवी थोडी जाड झाली. ती मी बॅगेच्या तळाशी दाबली. पहिल्या दिवसांच्या पिशव्यांना हात लावला नाही, कारण त्या वाटेतच उघडल्या असत्या आणि मी पकडली गेले असते. बघ, चोरी करताना माणसाची अक्कल कशी चालते. नको तिथं चालते.

तिचे काढलेले कपडे मी माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवले. त्या रात्री मी गाढ झोपले. पोरीला वाचवलं असं वाटत होतं.

ती गेल्यावर वीस दिवस आमच्याकडं नुसतं ऊन होतं. पवनारच्या नदीत धार राहिली नव्हती. मी टोप्या, मोजे, बर्फ ह्यांचा विचार करत कुलरसमोर बसायची आणि मनात म्हणायची, आतून सुती आहे, काळजी नाही. मुलगा एकदा म्हणाला, "आई, तू तर निवांत दिसून राह्यली." मी म्हटलं, "देवावर भरवसा आहे." देवाचं नाव मी उगाच मध्ये आणलं.

स्टेशनवरून मुलगा तिला घेऊन आला. चेहरा उन्हानं काळवंडलेला, ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली. मी ओवाळायला तबक घेऊन उभी होते. तिनं ओवाळू दिलं, पाया पडली, पाणी प्यायली. मग अंगणात बॅग उघडली आणि त्यातून चार कपडे काढून माझ्यापुढं ठेवले. धुतलेले, घडी केलेले.

"हे तुमचे, आई. दुकानात ठेवून द्या."

मुलगा एकदा माझ्याकडं पाहतो, एकदा तिच्याकडं. मी म्हटलं, "काय झालं?"

ती पायरीवर बसून बूट सोडत होती, मान वर न करता सांगत होती. वरच्या मुक्कामाला पोचेपर्यंत गारा लागल्या, अंगावरचं सगळं ओलं झालं. तंबूत जाऊन तांबड्या चिठ्ठीची पिशवी उघडली तर आत दुसरेच कपडे. दुसरं कोरडं काही नव्हतंच, तेच घातले. पहाटे निघाले. चढाला घाम आला, सुती कापडानं तो सगळा पिऊन घेतला आणि धरून ठेवला. आपल्याकडं तेच बरं वाटतं, घाम पितं म्हणून. तिथं वारा सुटला आणि ते ओलं कापड अंगावर बर्फासारखं बसलं. ती थरथरायला लागली. थांबेना. थोड्या वेळानं तिला स्वतःचं नाव नीट बोलता येईना. टोळीच्या म्होरक्यानं कॉलर ओढून आत बोट घातलं आणि विचारलं, हे कोणी घालायला सांगितलं?

"मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्हटलं, माझीच चूक झाली. भरताना घाई झाली."

"माझं नाव काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू? माह्या सासूनं माही बॅग उघडली म्हणून? घरची गोष्ट न ती." मग बूट बाजूला ठेवून म्हणाली, "एका माणसासंग मले खाली पाठवलं. खिंड दिसून राह्यली होती, आई. इथून आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाइतकी जवळ. बाकीच्या तिघी गेल्या."

मी तिथंच, अंगणात, तिला बहिणीची गोष्ट सांगितली. थेंबाची, साडीची, आठ दिवसांची. मुलानंही पहिल्यांदाच ऐकली. मला वाटलं ती रडेल, माझा हात धरेल. ती रडली नाही. म्हणाली, "हे मले आधी सांगाले पायजे होतं. मी तुम्हाले समजावून सांगतलं असतं. आमाले तंबूत काडी पेटवू देत नाईत. मेणबत्ती बाहेरच्यासाठी असते." आणि उठून अंघोळीला गेली.

तिचे कपडे मी ट्रंकेतून काढून तिच्या पलंगावर ठेवले. दोन दिवस ते तिथंच पडून होते.

पुढच्या फेब्रुवारीत बूट पुन्हा बाहेर आले. ह्या वेळेला डाळ तिनं मागून घेतली. "आई, दहा किलो नेऊ काय?" इतकं सरळ विचारलं की मी पंधरा ने म्हटलं. डाळ ती पोत्यातच पाठीला बांधून जिना चढायची, बॅग मात्र दिसेना. पलंगाखाली नाही, कपाटावर नाही. ती तिनं दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या घरी ठेवली होती, आणि चेनला बारकं पितळी कुलूप लावलं होतं. मुलाकडून कळलं.

मला लागलं. खोटं कशाला बोलू? सत्तावीस वर्षं घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आणि माझ्याच घरातल्या बॅगेला माझ्यापासून कुलूप. मी ह्यांच्यापाशी तक्रार केली.

"तुह्यावर संशय आहे तिचा," हे म्हणाले.

"मले समजते."

"मंग बरोबर आहे तिचं."

त्या महिन्यात घरात विचित्र वारं होतं. ती माझ्या हातचं जेवायची, माझं डोकं दुखलं तर बाम चोळायची, पण कपाट उघडलं आणि मी मागून आले की पल्ला हळूच लोटायची. मी तिच्या खोलीत झाडू मारायला गेले तरी ती दारात येऊन उभी राहायची, काही तरी शोधत असल्यासारखी. तिचे डोळे माझ्या हातांवर. मी व्यापाऱ्यांच्या हातांवर ठेवायची तसेच. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की त्या व्यापाऱ्यांना चहा कसा लागत असेल.

मार्चच्या शेवटी ती एकदा स्वतःहून सैपाकघरात आली. हातात एक स्वेटर. हिवाळा संपता संपता फुटपाथवर माल उतरवणाऱ्या एका माणसाकडून घेतलेला, खरी लोकर म्हणून. "आई, पाहून द्या न. वर हाच घालाचा आहे."

मी काठातून धागा काढला. गॅस लावला. ती शेजारी उभी. धागा आकसला, टोकाला थेंब आला.

"लोकर नाई," मी म्हटलं. "आता तुले चालते का नाई, थे तूच सांग. मी काही म्हणत नाई."

ती हसली. वर्षभरात माझ्यापुढं पहिल्यांदा. "आतून वितळणारं चालते, वरून लोकर पायजे," ती म्हणाली. मग आम्ही दोघी बाजारात गेलो. चार दुकानं फिरलो. मी प्रत्येक ठिकाणी धागा मागायची आणि काडी ओढायची, दुकानदार कपाळाला हात लावायचे. एकजण म्हणाला, "काकू, दुकान पेटवता काय माहं?" पाचव्या दुकानात मागच्या हिवाळ्यातला एक मरून स्वेटर निघाला. जाळला तर केसांचा वास आला आणि ज्योत आपली आपण विझली. तो घेतला. तो बॅगेत गेला की नाही, मला माहीत नाही. बॅग मैत्रिणीकडंच होती.

निघायच्या दिवशी स्टेशनवर बॅग पाहिली, कुलूप लावलेली. मी बॅगेभोवती एक चक्कर मारली.

"मोजे घेतले?"

"घेतले."

"किती जोड?"

"चार."

"दाखव."

"नाई दाखवत," ती म्हणाली. तिच्याबरोबर निघालेल्या पोरी हसल्या. गाडी आली. मी तिच्या हातात तिळाच्या वड्यांचा डबा दिला. तिनं झाकण उघडून आत पाहिलं, एक वडी उचलून तिच्याखालीही पाहिलं. मग बंद केला.

ह्या वेळेला मला झोप लागली नाही. मागच्या वर्षी मी निवांत होते तेव्हा ती थरथरत होती. ह्या वर्षी माझ्या हातात काहीच नव्हतं. तिनं काय भरलं, किती भरलं, कोरडं आहे की ओलं, काही माहीत नाही. संशय घ्यायलासुद्धा माणसाला एखादा धागा लागतो. तोही नव्हता.

चौदाव्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा फोन आला. मी हातातली कणीक तशीच घेऊन धावले.

"आई, उतरलो. पलीकडच्या बाजूनं."

"पलीकडच्या म्हणजे?"

"खिंड पार करून. काल."

शेजारीण कान लावून उभी. मला वाटलं, ही मला बरं वाटावं म्हणून सांगते आहे. मागच्या वर्षी म्होरक्यापुढं जशी बोलली तशी, घरची गोष्ट घरी ठेवायला.

"खरं सांगून राह्यली?"

"खरं, आई."

"दुसऱ्या कोणाले दे फोन."

तिकडं थोडा वेळ कुजबुज झाली. मग एक वेगळा आवाज आला, हसत हसत. "हो जी काकू. पार झाली तुमची सून. वर पोचली आन् आम्हाले म्हणे, थांबा, आईले पुरावा पायजे, फोटो काढा."

"आतून काय घातलं होतं तिनं?"

"आता हे फोनवर कसं सांगू, काकू?"

मग सुनेचाच आवाज आला. "वितळणारं," ती म्हणाली. "आन् वर तुमचा मरून स्वेटर. ठेवा आता, बूथवरचं मीटर पळून राह्यलं."

फोटो आला. बर्फात उभी आहे, काळा चष्मा, माकडटोपी, कोणीही असू शकेल. पण गळ्यापाशी मरून रंगाची एक पट्टी दिसते. तो फोटो मी खिडकीपाशी नेऊन पाहिला आहे, एकदा नाही. लोकर ओळखते मी.

त्यानंतरही ती दोनदा गेली. बॅग आता घरातच असते, पण कुलूप काढलेलं नाही. मीही काढ म्हटलं नाही. किल्लीचा विषय आमच्या घरात निघत नाही. एरवी कपाट उघडं असतं, पाकीट उघडं असतं, मनातलंही पुष्कळसं उघडं असतं. बॅग तेवढी तिची.

बघ, तू उठलीसच शेवटी. बरं, जा. पण असं उभ्या उभ्या येणं मला चालत नाही. पुढच्या वेळी मुक्कामाला येजो, दोन दिवसांचे कपडे घेऊन, आणि लवकर येजो, ऊन चढायच्या आधी. तुझ्या बॅगेला हात लावणार नाही. लावावासा वाटला, तर आधी तुला विचारीन.